हातातलं गेम कन्सोल हॅक होतंय का? पीएसपीपासून सुरुवात करणाऱ्या सोलापूरकरांसाठी

कपाटात पडलेला सोनीचा पीएसपी, पुण्याच्या चुलतभावाने दिलेला सोनीचाच व्हिटा किंवा दुबईहून कुणीतरी आणलेला निन्टेन्डोचा स्विच हातात आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे हॅक होतंय का? याचं उत्तर कन्सोलच्या नावावरून मिळत नाही. मॉडेल कोणतं, आत सिस्टिम सॉफ्टवेअर कितवं आणि त्या यंत्रात सापडलेलं भोक, म्हणजे सुरक्षेतली चूक, कोणत्या थरात आहे, या तीन गोष्टी कळल्या की उत्तर आपोआप मिळतं. त्या कळायच्या आत कुठलीही फाइल डाउनलोड करू नका आणि कुणालाही पैसे देऊ नका.

हा लेख सोल्डरिंग न करता, फक्त सॉफ्टवेअरने होणाऱ्या कामाबद्दल आहे. त्यातून काय मिळतं? स्वतः लिहिलेले किंवा इतरांनी मोकळे दिलेले प्रोग्रॅम, म्हणजे होमब्रू, चालवता येतात. जुन्या यंत्रांचे एम्युलेटर, म्हणजे त्या यंत्रांची नक्कल करणारे प्रोग्रॅम, चालतात. आपल्या डिस्कचा बॅकअप कार्डवर ठेवता येतो. फुकट गेमांचा खजिना कुठे सापडेल, हे इथे नाही.

१. आधी भोक कोणत्या थरात आहे ते समजून घ्या

कन्सोल चालू केलं की सगळ्यात आधी चिपच्या आत कारखान्यातच कोरलेला बूट रॉम जागा होतो. तो पुढच्या टप्प्यावरची कंपनीची सही तपासतो. तो टप्पा त्याच्या पुढच्याची तपासतो, मग कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, येतो आणि कर्नलवर गेम चालतो. हॅक करणं म्हणजे या साखळीत कुठेतरी सही नसलेला कोड आत घुसवणं.

गेममध्ये, फोटो दाखवणाऱ्या भागात किंवा ब्राउझरमध्ये भोक सापडलं तर कंपनी पुढच्या अपडेटमध्ये ते बुजवते. कर्नलमधल्या भोकाचंही तेच. बूट रॉममधलं भोक मात्र वेगळं. जेकार्डच्या पंचकार्डातच चूक राहिली तर त्या लॉटच्या प्रत्येक चादरीत ती उतरते. पुढच्या लॉटला कार्ड बदलता येतं, पण विकून गेलेल्या चादरी कोण परत आणणार?

निन्टेन्डो थ्रीडीएसमध्ये नेमकं हेच झालं. सही तपासणाऱ्या बूट रॉममधला दोष डिसेंबर २०१६ मध्ये जर्मनीतल्या परिषदेत उघड झाला, आणि २०१७ मध्ये त्यावर बेतलेलं बूटनाइनस्ट्रॅप हे हॅक आलं. त्यामुळे थ्रीडीएस आणि टूडीएस घराण्यातलं कुठलंही मॉडेल आज उघडता येतं. स्विचचा दोष एप्रिल २०१८ मध्ये बाहेर आला. टेग्रा एक्स१ चिपच्या यूएसबी रिकव्हरी मोडमध्ये बूट रॉम बाहेरून सांगितलेली लांबी न तपासता माहिती कॉपी करत होता. विकलेल्या यंत्रांचं निन्टेन्डोला काहीच करता आलं नाही, पण २०१८ च्या मध्यापासून कारखान्यातून निघणाऱ्या नव्या यंत्रांत त्यांनी दुरुस्ती केली. म्हणून दोन स्विच दिसायला अगदी सारखे असले तरी एक उघडतो, दुसरा नाही.

पीएसपीची कहाणी याहून रंगतदार आहे. डिसेंबर २००४ मध्ये जपानात आलेलं १.०० सॉफ्टवेअर तर सही नसलेला कोड तसाच चालवायचं. पुढे सोनी एक भोक बुजवायची आणि लोक दुसरं शोधायचे. कधी बिघडवलेला टिफ फोटो, कधी गेमच्या सेव्ह फाइलमध्ये लपवलेला कोड. २००७ मध्ये पँडोरा बॅटरी आली. बॅटरीचा सिरियल बदलला की पीएसपीला वाटायचं आपण सर्व्हिस सेंटरमध्ये आहोत, आणि तो मुकाट्याने मेमरी स्टिकवरून, म्हणजे सोनीच्या मेमरी कार्डावरून, बूट व्हायचा. खरी कलाटणी मात्र शेजारच्या घरातून आली. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनला सोनीच्याच पीएस३ च्या सही करण्याच्या पद्धतीतली चूक दाखवली गेली. पीएस३ ला पीएसपीच्या गोष्टी हाताळता याव्यात म्हणून आत ठेवलेल्या किल्ल्याही त्या मागोमाग बाहेर आल्या. तेव्हापासून सोनीचीच वाटावी अशी सही कुणालाही करता येते.

यातून निघणारा नियम सरळ आहे. कंपनीने ज्या यंत्राकडे पाठ फिरवली, तिथे शक्यता सगळ्यात चांगल्या. पीएसपीचं शेवटचं सॉफ्टवेअर ६.६१, तेही २०१५ चं. आता ते भोक बुजवायला कुणी येणार नाही.

२. कोणतं यंत्र निवडावं

पहिल्यांदाच करत असाल तर पीएसपी. कुठलंही मॉडेल चालेल: १०००, २०००, ३०००, गो किंवा स्ट्रीट म्हणजे ई१०००. माझी पसंती ३००० ला. पडदा चांगला आहे, रॅम १००० च्या दुप्पट म्हणजे ६४ एमबी आहे आणि सेटिंग चालू केलं तर यूएसबीवर चार्जही होतो. १००० यूएसबीवर चार्ज होत नाही. गो मॉडेलला डिस्कच नाही आणि केबलही त्याची स्वतःचीच लागते, ती हरवली की शोधत बसा. स्ट्रीटमध्ये वायफाय नाही. पण त्याने फार अडत नाही, कारण पीएसपीचं वायफाय ८०२.११बी जमान्यातलं आहे आणि घरच्या नव्या राउटरशी त्याचं बहुधा जमतच नाही. सगळं काम कॉम्प्युटर आणि केबलवरच होतं.

व्हिटा ही दुसरी पायरी. ३.६० आणि ३.६५ वर कायमचं बसणारं एन्सो हे हॅक आहे. ३.७४ पर्यंतच्या वरच्या आवृत्त्यांसाठी वेगळा एक्स्प्लॉइट, म्हणजे भोकाचा फायदा घेणारा कोड, वापरून मोदोरू नावाच्या प्रोग्रॅमने खाली ३.६५ वर उतरता येतं. १००० मॉडेलचा ओएलईडी पडदा देखणा आहे, पण चार्जिंगची पिन खास सोनीची. २००० ला साधी मायक्रो यूएसबी लागते आणि आत १ जीबी मेमरीही आहे. आपल्याकडे जुन्या फोनची मायक्रो यूएसबी केबल प्रत्येक घरात सापडते, म्हणून मी २००० घ्यायला सांगतो. सोनीची मेमरी कार्डं महाग आणि दुर्मिळ असली तरी गेम कार्डाच्या खाचेत मायक्रोएसडी बसवणारा एसडीटूव्हिटा ॲडाप्टर मिळतो.

थ्रीडीएसचं भोक सगळ्यांत पक्कं, पण सोलापुरात पीस मिळणं मुश्कील. मिळालाच तर बिनधास्त घ्या. मार्च २०२३ मध्ये त्याचं ई-शॉप आणि एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन सेवा बंद झाली, त्यामुळे बॅन होण्याची भीती उरलेली नाही.

स्विच नवख्याने टाळावा. जुन्या, दुरुस्ती न झालेल्या यंत्रावर उजव्या जॉय-कॉनच्या पट्टीतल्या पिना जोडून रिकव्हरी मोडमध्ये जाता येतं आणि ॲटमॉस्फियर हे बदललेलं सिस्टिम सॉफ्टवेअर चालवता येतं. ऑगस्ट २०१९ चं सुधारित मॉडेल, लाइट आणि ओएलईडी यांना मात्र आत मोडचिप, म्हणजे कुलूप चुकवणारी जादा चिप, सोल्डर करावी लागते. तिचे पाय केसासारखे बारीक असतात. मोबाइल दुरुस्तीत मुरलेल्या हातालाच ते जमतं, त्यातही सगळ्यांना नाही. शिवाय स्विच भारतात अधिकृतपणे विकला गेला नाही. बोर्ड गेला तर दाद मागायची कुणाकडे? स्विचमध्ये मोठ्या अपडेटबरोबर चिपमधले फ्यूजही जाळले जातात, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला मागच्या आवृत्तीवर परतायची वाटही बंद. चालू कन्सोलवर ऑनलाइन बॅन होतात ते वेगळंच.

अगदी नव्या यंत्रांकडून आशाच ठेवू नका. प्लेस्टेशन पोर्टलवर २०२४ च्या सुरुवातीला काही सुरक्षा संशोधकांनी निव्वळ सॉफ्टवेअरने पीएसपीचा एम्युलेटर चालवून दाखवला, पण पद्धत लोकांना न देता दोष सोनीला कळवला आणि सोनीने तो बुजवला. स्विच २ जून २०२५ मध्ये आला. आल्या आल्या त्याच्यावर एक किरकोळ भोक दाखवलं गेलं, पण ते वरच्या थरातलं. त्याने कर्नलपर्यंत पोहोचता येत नाही. त्याच महिन्यात मिग स्विच नावाचं फ्लॅशकार्ड लावलेल्या काहींच्या स्विच २ ची ऑनलाइन सेवा बंद झाली. असे बॅन झालेले पीस पुढे सेकंड हँड बाजारात फिरतात. स्वस्त दिसला की आधी ऑनलाइन जाऊन दाखवायला सांगा.

गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरून आणलेला "४०० इन १" घेऊनही मुलं विचारतात. त्यात हॅक करण्यासारखं काही नाही, बाळांनो. उघडून बघा. बोर्डवर काळ्या लाखेच्या थेंबाखाली एकच चिप असते आणि गेम त्यातच पक्के भाजलेले असतात. चिनी अँबरनिक किंवा मियू जातीच्या यंत्रांची गोष्ट उलटी. ती मुळातच लिनक्स किंवा अँड्रॉइडवर चालतात, कार्ड बदललं की सॉफ्टवेअर बदलतं. तिथे तोडायला कुलूपच नाही.

३. सेकंड हँड पीस घेताना

इथे घाई करू नका. बाहेरगावाहून कुरियरने मागवण्यापेक्षा समोर बसून बघता येईल असा पीस थोडा महाग पडला तरी परवडतो. नवी पेठेत किंवा सात रस्त्याला भेटायचं ठरवलं तर सोबत भरलेला चार्जर, एक चालू मेमरी स्टिक आणि जमलं तर एक यूएमडी, म्हणजे पीएसपीची गेमची छोटी डिस्क, न्या.

बॅटरीचं झाकण आधी काढा. झाकण नीट बसत नसेल, मधे उचललेलं दिसत असेल, तर बॅटरी फुगलेली आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिशी ओलांडतो आणि वर्षानुवर्षं पत्र्याच्या खोलीत पडून राहिलेल्या लिथियम बॅटऱ्या अशाच होतात. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. ती घंटागाडीतही टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

बॅटरी काढल्यावर आतल्या कप्प्यात स्टिकर दिसतो. त्यावर मॉडेल लिहिलेलं असतं. पहिला आकडा पिढी सांगतो, शेवटचा प्रदेश. प्रदेशाची चिंता नको, पीएसपीचे गेम कुठल्याही प्रदेशाच्या यंत्रावर चालतात. फक्त जपानी पीसवर होकारासाठी गोल बटण असतं, फुली नाही, आणि पहिल्या दिवशी हात चुकत राहतो. स्टिकर खरवडलेला असेल तर पीस परत द्या.

आता चालू करा. ॲनालॉग नब सोडल्यावर मधे येऊन थांबतो का? मेनू आपोआप एका बाजूला सरकत असेल तर नब गेला. डिस्क घालून कान लावा. घरघर ठीक, पण टकटक होत असेल तर लेन्स थकलीय. मेमरी स्टिक आत घालून हलकेच हलवा, वाचन तुटतंय का बघा. मग सेटिंग, सिस्टिम सेटिंग, सिस्टिम इन्फर्मेशन इथे जाऊन आवृत्ती वाचा. ६.६० किंवा ६.६१ असेल तर उत्तम. त्याहून जुनी असली तरी हरकत नाही, आपण वर नेणारच आहोत.

"सॉफ्टवेअर मारलेला आहे, शंभर गेम भरलेत" असं सांगून कुणी जास्त पैसे मागितले तर ते देऊ नका. हे काम फुकटचं आहे आणि दुसऱ्याने भरलेल्या कार्डात काय भरलंय हे तुम्हाला ठाऊक नसतं. असा पीस घेतलाच तर कार्ड फॉरमॅट करून सगळं नव्याने करा.

४. सामान आणि कागद

- चालू बॅटरी. मूळ १००० ची जाड बॅटरी १८०० एमएएच, २००० आणि ३००० ची पातळ १२०० एमएएच. पातळ बॅटरीवर ३६०० छापलेलं दिसलं की ती थाप समजा. तेवढ्या जागेत तेवढी वीज मावत नाही.
- ५ व्होल्ट, २ अँपियरचा गोल पिनचा चार्जर. मोबाइलचं दुकान पिन बघून जुळवून देतं, पण व्होल्टेज स्वतः वाचा.
- मिनी यूएसबी केबल. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची चालते. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून फाइल जात नाही.
- मेमरी स्टिक प्रो ड्युओ, किंवा मायक्रोएसडी बसवायचा प्रो ड्युओ ॲडाप्टर. मी ॲडाप्टरच सुचवतो, कारण बाजारात आज दिसणाऱ्या बऱ्याच मेमरी स्टिक नकली असतात.
- विंडोज किंवा लिनक्सचा कॉम्प्युटर. कॉलेजच्या लॅबमध्ये हे करायला जाऊ नका, तिथल्या अँटिव्हायरसशी भांडण्यात वेळ जातो.
- पीसचं मूळ बिल असेल तर ते. नसेल तर विकणाऱ्याकडून तारीख, मॉडेल आणि सिरियल लिहिलेली साधी पावती सहीसकट घ्या. चोरीचा माल निघाला तर तोच एक आधार.
- तुमच्याकडे असलेल्या गेमच्या डिस्क आणि त्यांची बिलं.

कार्ड कितीही नामांकित डब्यातून आलं तरी आधी एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने तपासा. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि परत वाचून बघतो. ६४ जीबी छापलेल्या कार्डात खरे ८ जीबीच असले तर इथे उघडं पडतं. तसं कार्ड दुकानदाराला रिपोर्टच्या स्क्रीनशॉटसकट परत करा, मग तो वाद घालत नाही.

५. कायदा थोडक्यात

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६५अ आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असं ते सांगतं. त्यात "हेतू" हा शब्द महत्त्वाचा आहे. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी हे कलम आड येत नाही, असंही तिथेच म्हटलंय. कलम ५२ कायदेशीर मालकाला कॉम्प्युटर प्रोग्रॅमची नुकसानीपासून बचावापुरती बॅकअप प्रत करू देतं. दुसऱ्या बाजूला कलम ६३ब आहे. माहीत असूनही चोरीची प्रत वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

मी यातून स्वतःपुरता अर्थ असा लावतो: आपलं यंत्र, आपली डिस्क, आपला कोड. गेम भरलेली कार्डं विकण्याचा जोडधंदा तर अजिबात नको. अमेरिकेत स्विचच्या हॅकिंगचा माल विकणाऱ्या टोळीतल्या एकाला २०२२ मध्ये ४० महिन्यांची शिक्षा झाली होती. वॉरंटीतल्या यंत्राला हात लावलात तर वॉरंटी गेली, हेही गृहीत धरा.

६. प्रत्यक्ष काम: पीएसपीवर आर्क-४

पीएसपीसाठी प्रो, एमई, इन्फिनिटी अशी बरीच कस्टम फर्मवेअर, म्हणजे लोकांनी बदललेली सिस्टिम सॉफ्टवेअर, होऊन गेली आणि जुन्या व्हिडिओंत तीच दिसतात. आज सुरुवात करणाऱ्याने आर्क-४ घ्यावं. ते सगळ्या मॉडेलांवर चालतं आणि त्याचा मूळ कोड उघडा आहे. फाइल फक्त प्रकल्पाच्या अधिकृत गिटहब पानावरून घ्या. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली झिप उघडू नका.

पायरी १. कार्ड पीएसपीमध्ये घाला आणि सिस्टिम सेटिंगमधून तिथेच फॉरमॅट करा. पीएसपीला एफएटी३२ लागतं. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं दुकानातून एक्सएफएटीमध्ये येतात, ती पीएसपीला वाचताच येत नाहीत. फॉरमॅटने कार्डावरचं सगळं पुसलं जातं, म्हणून जुनी सेव्ह फाइल हवी असेल तर आधी कॉपी करा.

पायरी २. आवृत्ती ६.६० च्या खाली असेल तर सोनीचा ६.६१ चा अधिकृत अपडेट चढवा. कार्डावर पीएसपी नावाच्या फोल्डरमध्ये गेम, गेममध्ये अपडेट नावाचा फोल्डर करून त्यात ईबूट, म्हणजे पीएसपी चालवतो ती प्रोग्रॅमची फाइल, ठेवायची आणि पीएसपीच्या गेम मेनूतून चालवायची. चार्जर लावलेला हवा आणि बॅटरीही भरलेली हवी. बॅटरी कमी असेल तर तो सुरूच होत नाही, आणि ते बरोबरच आहे. मेच्या संध्याकाळी वळवाचं वारं सुटलं की आपल्याकडे लाइट हमखास जाते. बॅटरी आत असेल तर लाइट गेली तरी अपडेट पूर्ण होतो. म्हणूनच बॅटरी आधी घ्या, बाकी सगळं मग.

पायरी ३. आर्क-४ ची झिप कॉम्प्युटरवर उघडा. त्यातले दोन फोल्डर आपल्या कामाचे. ज्याच्या नावात ०१२३४ आहे तो पीएसपी फोल्डरमधल्या सेव्हडेटामध्ये जाईल. ज्याच्या नावात लोडर आहे तो गेममध्ये. सेव्हडेटा फोल्डर नसेल तर तयार करा. नावातलं एकही अक्षर बदलू नका.

निम्मे लोक इथेच अडकतात. विंडोजमध्ये झिप उघडताना फोल्डरच्या आत पुन्हा त्याच नावाचा फोल्डर तयार होतो. तो तसाच कॉपी केला की पीएसपीला आतली फाइल सापडत नाही आणि मेनूत काहीच येत नाही, किंवा "करप्टेड डेटा" असं लिहिलेला चौकोन दिसतो. लोडरचा फोल्डर उघडल्यावर ईबूट फाइल लगेच दिसली पाहिजे. मधे आणखी एक फोल्डर लागला तर चुकलं.

पायरी ४. केबल काढण्याआधी कॉम्प्युटरवर "इजेक्ट" करा, मग पीएसपीवर गोल बटण दाबून यूएसबी मोडमधून बाहेर या. आता गेम, मेमरी स्टिक इथे जा, आर्क लोडर निवडा आणि चालवा. पडदा क्षणभर काळा होऊन मेनू परत येतो. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये आवृत्तीच्या जागी आर्कचं नाव दिसलं की झालं.

पायरी ५. मेनूत असताना सिलेक्ट बटण दाबा. छोटा मेनू उघडेल. त्यात यूएसबी डिव्हाइसच्या जागी यूएमडी डिस्क निवडा, आपली डिस्क आत ठेवा आणि केबल लावा. कॉम्प्युटरला ती डिस्क एका आयएसओ फाइलच्या, म्हणजे अख्ख्या डिस्कच्या प्रतीच्या, रूपात दिसते. कॉपी करून घ्या आणि नंतर कार्डाच्या मुळाशी आयएसओ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. यूएमडीत जास्तीत जास्त १.८ जीबी मावतं, त्यामुळे ३२ जीबीच्या कार्डावर घरातल्या साऱ्या डिस्क आरामात बसतात. ज्यांची लेन्स शेवटचे श्वास घेतेय त्यांनी हे काम आधी उरकावं.

पायरी ६, किंवा खरं तर न करायची पायरी. पीएसपी पूर्ण बंद केला की आर्क निघून जातं आणि पुढच्या वेळी लोडर पुन्हा चालवावा लागतो. हे कायमचं बसवायचे पर्याय आहेत, पण ते यंत्राच्या आतल्या फ्लॅश मेमरीवर, जिथे मूळ सॉफ्टवेअर असतं तिथे, लिहितात. लोडर चालवायला काही सेकंद लागतात. तेवढ्या सेकंदांसाठी बोर्ड पणाला लावणं मला पटत नाही. शिवाय बटण फक्त सरकवून स्लीपमध्ये टाकलंत तर आर्क टिकूनच राहतं.

७. अडलं तर

हिरवा दिवा लागतो आणि पडदा काळाच राहतो: बॅटरी काढा, मिनिटभर थांबा, परत लावा. लोडर अर्धवट अडकला असेल तर एवढ्यानेच सुटतो, कारण आपण फ्लॅशला हातच लावलेला नाही.

लोडर चालतो पण तिथेच थिजतो: ०१२३४ चा फोल्डर चुकीच्या जागी आहे किंवा अर्धवट कॉपी झालाय. दोन्ही फोल्डर पुसून नव्याने टाका. तरीही तेच झालं तर कार्डावर संशय घ्या.

आयएसओ दिसत नाही: लोडर चालवलाय का? बंद करून चालू केल्यावर बरेच जण हे विसरतात.

खरोखर डेड झालेला पीएसपी, म्हणजे फ्लॅशच बिघडलेला, १००० आणि सुरुवातीच्या २००० मॉडेलवर पँडोरा बॅटरीने उठवता येतो. ३००० वर जुनी पँडोरा चालत नाही. हल्ली त्यासाठी बॅरियन स्वीपर आहे, पण त्यात बॅटरीच्या जागी कॉम्प्युटर जोडून सर्किट करावं लागतं. ते नवख्याचं काम नाही. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नेलात तर तो "बोर्ड बदलावा लागेल" असंच म्हणण्याची शक्यता जास्त, कारण पीएसपी त्याच्या रोजच्या हाताखालचा नाही. त्याला दोष देऊ नका, पण पैसेही आधी देऊ नका.

व्हिटावाल्यांसाठी एकच जादा इशारा: मोदोरूने खाली उतरताना सगळे प्लगइन बंद असायला हवेत आणि काम पूर्ण होईपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. मधे थांबलात तर व्हिटा मेला. व्हिटाला पँडोरा नाही.

८. हॅक झालं, आता करायचं काय?

एम्युलेटर आणि जुने गेम आठवडाभर पुरतात. नंतर बरेच पीएसपी पुन्हा कपाटात जातात. वालचंद किंवा दुसऱ्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलामुलींनी मात्र इथून पुढेच खरी मजा घ्यावी. पीएसपीएसडीके हा फुकट संच आहे. त्याने सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम थेट पीएसपीवर चालतो. ३३३ मेगाहर्ट्झचा एमआयपीएस प्रोसेसर, ठरलेली मेमरी, ४८० बाय २७२ चा पडदा. कॉम्प्युटर आर्किटेक्चरच्या पुस्तकात जे पान घोकून जातं ते इथे बटण दाबल्यावर हलताना दिसतं. मेमरी वाया घालवली की यंत्र लगेच थिजून दाखवतं. अशी शिक्षा हल्लीचे फोन देत नाहीत.

विंडोजवर असाल तर डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायच्या सोयीत, उबंटू टाका आणि संच तिथेच बसवा, थेट विंडोजवर बसवायच्या खटपटीत पडू नका. पहिला प्रोग्रॅम छोटा ठेवा: पडद्यावर एक ओळ लिहायची, फुली दाबल्यावर रंग बदलायचा, होम बटणाने नीट बाहेर पडायचं. यातलं शेवटचं नवखे टाळतात आणि मग दर वेळी बॅटरी काढत बसतात. तयार झालेली ईबूट आधी कॉम्प्युटरवर पीपीएसएसपीपी या एम्युलेटरमध्ये चालवून बघा. तिथे चालली की गेम फोल्डरमध्ये स्वतःच्या नावाचा फोल्डर करून कार्डावर टाका. एम्युलेटर काही चुका पोटात घालतो, खरं यंत्र घालत नाही. म्हणून तिथे चाललेली गोष्ट पीएसपीवर थिजली तर आधी आपला पॉइंटर तपासा, मग आर्कला नावं ठेवा.